भातुकलीतली आई

नाशिकच्या एका दवाखान्यातल्या बाकावर सुलाबाई आपल्या ओली बाळंतीण असलेल्या सुनेला दटावत होत्या.

"डोकं धरून वाकू नकोस, सरळ बस. सिझर काय तुझ्या एकटीचंच झालं? लोक काय म्हणतील?"

पाठीमागच्या बाकावर निफाडकडच्या दोघी बोलत होत्या.

"गिरजे, तुझं डोकं अजून ठणकतंच का गं?"

"सिझरला पाठीत सुई दिली ना अक्का, तव्हापासून. बसलं की ठणकतं, आडवी झाले की जरा उतरतं."

"मग तव्हाच पडून राहायचं."

"सासू राहू देईल तव्हा ना! शेकायला बसवायची, भांड्याला बसवायची. म्हणायची, सोंग करती."

"आन् आता?"

"आता रडत रडत डोकं चेपून देते. पण लय उशीर झाला."

"पोरगी मोठी झाली असेल."

"शाळेत जाते. भातुकली मांडली की आईची बाहुली निजवून ठेवते. बाकीच्या बाहुल्यांना सांगते, हळू बोला."

सुलाबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"ये, इथं डोकं ठेव. आडवी हो."

"लोक काय म्हणतील, आई?"

"म्हणू देत. तू डोळे मीट."