थोरल्याचा जन्म

मयूर विहारला मेट्रोत चढलेलं एक वयस्कर मराठी जोडपं माझ्या शेजारी बसलं. काकांच्या मांडीवर जुन्या नकाशाची गुंडाळी होती.

“आजोबांचं गाव, हिवरवाडी, सापडली, प्रभा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नकाशात, नदीच्या अगदी काठाला.”

“अच्छा. तीन वर्षं अर्काइव्हजमध्ये नकाशे चाळताय, सापडायलाच हवी होती.”

“पण तहसील ऑफिसातून जन्माच्या नोंदींची नक्कल आली, त्यात आजोबाच नाहीत. त्यांची धाकटी तिन्ही भावंडं आहेत.”

“म्हणजे आजोबा थोरले.”

“बिल्कुल. घरातलं पहिलं मूल. तेव्हाच्या क्लार्कनं गाळलं असणार. मी रीतसर तक्रार लिहिलीय.”

“पाठवली?”

“उद्या पाठवतो.”

“नका पाठवू. अहो, आपल्याकडे पहिलं बाळंतपण कुठे होतं?”

“माहेरी.”

“मग?”

“अरे यार. पणजीचं माहेर.”

“कुठलं ते?”

“ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. वंशावळीत नुसतं लक्ष्मी म्हणून आहे, आणि ते नावही सासरी ठेवलेलं.”

“चला, आणखी तीन वर्षांची सोय झाली. रिटायर माणसाला काम हवंच.”

“हसू नकोस. नातवंडांसाठी तुझं तरी आजच लिहून ठेवतो. डायरी दे इकडे. चंद्रप्रभा, जन्मगाव वर्धा.”

“वर्धा माझ्या बाबांचं गाव.”

“तेच लिहिलं की.”

“अहो, मीही थोरलीच.”