सोजराबाईंच्या सुपातल्या बिया

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मंडळाचे वडीलधारे माननीय किसनरावजी, मेहकरहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, महिला मंडळाच्या भगिनी, आमच्या मिरचीच्या कामावरच्या माझ्या सगळ्या मावश्या आणि नांदुऱ्याच्या बंधूंनो, भगिनींनो,

मी सोजराबाईंची धाकटी मुलगी, कला. यंदा बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिलीच. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. पदवी मिळाली की माणसाची भीती जाते, असा आमच्या घरी समज आहे. तो बरोबर नाही. म्हणून मी सगळं कागदावर लिहून आणलं आहे. थोडं सांभाळून घ्यावं.

आईला यंदा एकसष्ट वर्षं पूर्ण झाली. तिचं माहेर धामणगाव बढ्याचं. तेराव्या वर्षी ती लग्न होऊन इथे आली. माझे वडील रामराव जिनिंगमध्ये मापाडी होते. त्यांना छातीचा आजार जडला आणि ते नऊ वर्षं खाटेवर होते. त्या दिवसांत आईनं शेजारणीचं उखळ मागून आणलं आणि लोकांची मिरची कांडायला सुरुवात केली. पुढे स्वतः बाजारात जाऊन मिरची घेऊ लागली. तिथं एका व्यापाऱ्यानं तिला विचारलं होतं, बाई, भाव करायला घरी माणूस नाही का? आई म्हणाली, "माणूस बिमार आहे, म्हणून मी आली. तुमची तब्येत तर चांगली दिसते, मंग तुम्ही काऊन बसून राह्यले?" ते गृहस्थ पुढे आमचे कायमचे गिऱ्हाईक झाले. आज ते या सभागृहात आहेत आणि हसत आहेत, म्हणून सांगायची हिंमत केली.

मी वर्षाची असताना वडील गेले. आज आमच्याकडे विजेवरची दोन कांडपयंत्रं आहेत, बावीस बायकांच्या हाताला काम आहे आणि आईचं तिखट रेल्वेनं अकोल्याला नि भुसावळला जातं. हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

अध्यक्षमहाराज, आपण वयानं आणि मानानं मोठे. पण आपण मघाशी म्हणालात की तीस वर्षांत सोजराबाईंच्या तिखटात एक दिवस खोट निघाली नाही. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. एक दिवस खोट निघाली होती. तोच दिवस सांगायला मी उभी आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.

आधी आमच्या कामाची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मिरचीचे देठ खुडताना बिया गळतात. त्या बिया आम्ही सुपात वेगळ्या ठेवतो. लग्नाची मागणी असली की त्या भाजून तिळासोबत कांडतो. हा बियांचा मसाला टाकला की पंगतीची रस्साभाजी दाट होते. आणि दुसरी रीत आईची स्वतःची. कोणताही माल बांधण्याआधी ती तो खाऊन पाहते. चिमूटभर चाखत नाही. चतकोर भाकरीवर चांगला जाड थर, त्यावर तेल, आणि मग दुपारपर्यंत थांबते. तोवर डब्याला झाकण नाही. बायका हसायच्या. आई म्हणायची, "बोटावरचं तिखट लबाड राह्यते. पोटातलं खरं सांगते."

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढचा उन्हाळा. मी आठ वर्षांची होते. खेळ म्हणजे काय, तर आईसारखं दुकान मांडायचं. मिरचीला हात लावायची मला बंदी होती, डोळ्यांत जाते म्हणून. मग माझ्या दुकानाला माल कुठून आणायचा? आमच्या छपरीमागच्या नाल्यात धोतऱ्याची वाळलेली काटेरी बोंडं होती. ती दगडानं फोडली की आतून बिया निघतात. चपट्या, पिवळसर. सभागृहात मिरचीचं काम करणाऱ्या बायका आहेत, त्या सांगतील, त्या बिया मिरचीच्या बियांसारख्याच दिसतात. धोतऱ्याला हात लावशील तर हात तोडीन, असं आईनं एकदा बजावलं होतं. म्हणून मी नाल्यात बसून ओंजळ-ओंजळ बिया काढल्या आणि छपरीतल्या एका रिकाम्या सुपात लपवल्या. वरून फडकं टाकलं.

तिसऱ्या दिवशी पाहिलं तर सूप रिकामं. लग्नाची मागणी आली होती आणि बियांचा मसाला कांडून झाला होता.

मी कुणाला काही विचारलं नाही. सांगितलंही नाही. मार बसेल, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरचा माणूस बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. गाव इथून दोन कोसांवर. नाव मी घेत नाही. दुपारची पंगत होती. आईनं अजून खाऊन पाहिलं नव्हतं. पण लग्नघरच्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नये, म्हणून तिनं डबा दिला. तीस वर्षांत तिनं तिची रीत मोडली ती तेवढी एकदा. गाडी गेल्यावर उरलेला मसाला भाकरीवर घेऊन ती जेवायला बसली. मी उंबऱ्यात उभी राहून पाहत होते. तिनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. माझं तोंड उघडलं नाही. सगळी भाकरी संपली.

तासाभरात तिनं तांब्यावर तांब्या पाणी प्यायला सुरुवात केली. तोंड कोरडं पडतं म्हणाली. चेहरा तांबडालाल झाला. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झाली की डोळे नुसते काळे दिसू लागले. ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "मसाल्यात काहीतरी गेलं. टांगा बोलाव. तू माह्यासंगं चाल, मले दिसून नाही राह्यलं."

टांग्यात तिनं माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. "म्हण, भाजी वाढू नका. मी इसरली तर तू सांगजो." मी म्हणायची. नाला ओलांडेपर्यंत ती मला कला म्हणत होती. मग तिनं मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. हवेतून दोरे ओढल्यासारखी बोटं हलवू लागली. पुढे टांगेवाल्याच्या शेजारी कुणी नव्हतं, तर तिथं पाहून म्हणाली, "उन्हात कायले बसले तुम्ही? मांगं या." ती माझ्या वडिलांशी बोलत होती. टांगेवाला वळून वळून पाहत होता आणि घोड्याला पळवत होता. माझी आई मरते आहे आणि ती माझ्यामुळे मरते आहे, हे मला कळत होतं. पुढच्या गावातली माणसंही मरणार, हेही कळत होतं. मी ते एकच वाक्य म्हणत राहिले.

मांडवात पोहोचलो तेव्हा पत्रावळी मांडून झाल्या होत्या. लग्नाच्या मांडवात विधवा बाई, पदर सुटलेला, चेहरा लाल, बोलणं अडखळणारं. काय झालं असेल, सांगायला नको. कुणी म्हणालं, हिच्या अंगात आलं. कुणी म्हणालं, पिऊन आली. आईनं चुलाणापाशी जाऊन एवढंच म्हटलं, भाजीत खोट आहे, लोकांना देऊ नका. निवृत्ती नावाचे आचारी होते. ते म्हणाले, "बाई, म्या दोन वाट्या चाखली. अशी भाजी जल्मात झाली नाही. खोट कायची?" नवरीचे वडील ओरडले, या बाईला बाहेर काढा. आईला पुढे बोलता येईना. तिची जीभ वळत नव्हती.

मी माझं वाक्य म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही. नुसतं वाढू नका म्हटल्यानं दोनशे माणसांची भाजी कोण टाकून देईल? त्यात काय आहे, ते सांगायला हवं होतं. आणि ते त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं.

नवरीची आई, मनकर्णाबाई, गलका ऐकून बाहेर आल्या. मी त्यांचं लुगडं ओढलं. त्या वाकल्या. मी त्यांच्या कानात म्हणाले, "त्यात धोतरा आहे. म्या आणला."

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. चुलाणातली राख फावड्यावर घेतली आणि उकळत्या भाजीत टाकली. दुसऱ्या भांड्यातही टाकली. मग मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या हातानं राख पडली. वरण-पोळी वाढा." स्वतःच्या मुलीच्या लग्नात, दोनशे माणसांसमोर, त्या बाईंनी तो दोष आपल्या डोक्यावर घेतला. मंडळींनी नाकं मुरडली आणि वरण-पोळी खाल्ली. पंगत उठेपर्यंत निवृत्ती आचारी मांडवाच्या खांबाला नमस्कार करून त्याची खुशाली विचारू लागले होते. तेव्हा सगळ्यांची नाकं सरळ झाली. निवृत्ती वाचले. आई दोन दिवस खाटेवर बांधलेली होती, तीही वाचली. मनकर्णाबाई आज हयात नाहीत. त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही.

भगिनींनो, गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली आणि तिनं विचारलं, बिया कुणी घेतल्या? कामावर पंचफुला नावाची बाई होती. ती म्हणाली, "म्या दोन्ही सुपातल्या घेतल्या, बाई. बियाच तर होत्या. मले का मालूम?" ती खरं तेच बोलली होती. मी खांबामागे उभी होते. आईनं तिला शिव्या दिल्या नाहीत. धान्य दिलं, लुगडं दिलं आणि बिया न पाहता घेतल्या म्हणून उद्यापासून येऊ नको म्हणाली. पण गाव थोडंच गप्प बसतं? पंचफुलाबाईंचं घर बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं. लोकांनी त्यांच्या वस्तीचं नाव घेऊन बोलायला सुरुवात केली. मुद्दाम केलं म्हणाले. त्यांना पुन्हा कुणी स्वयंपाकघरात, धान्याच्या कामावर घेतलं नाही. मी रोज वाट पाहत होते की आज सांगीन. आज नाही तर उद्या. मग शाळा आली, परीक्षा आल्या. तेरा वर्षं गेली.

गेल्या दुष्काळात पंचफुलाबाई सरकारी कामावर खडी फोडताना मला दिसल्या. त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, "सोजराबाईची पोर न तू? शिकून राह्यली म्हणे. शीक, बाई." मी मान हलवली आणि चालू लागले. न्याय, समता यांवर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या दिवशी मी वळूनही पाहिलं नाही.

या समारंभाचं निमंत्रण घरी आलं, तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती देठ खुडत होती. बराच वेळ खुडत राहिली. मला वाटलं, आता मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "मले घरात सांगून काय होते? तिचं नाव चारचौघात गेलं. चारचौघात सांग."

मी म्हटलं, आई, धंदा बुडेल. गिऱ्हाईक काय म्हणेल?

"काहीबी म्हणो. काढलं तर म्याच होतं न तिले."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पंचफुलाबाईंच्या दारात गेली. तिनं हात जोडले. मी सगळं सांगितलं आणि पाया पडले. पंचफुलाबाई म्हणाल्या, "तेरा वर्सं लेकराइले घेऊन मी कशी राह्यली, ते तुम्ही इचारलं नाही." आईनं त्यांना आज व्यासपीठावर बसायला बोलावलं. त्या म्हणाल्या, "बसाले नाही येत. आयकाले येतो."

त्या आल्या आहेत. मागच्या दाराशी उभ्या आहेत. मी त्यांच्याकडे पाहून हे बोलायचं ठरवलं होतं, पण मान वर होत नाही. आता करते.

पंचफुलाबाई, धोतरा मी आणला. सुपात मी ठेवला. तुमच्या हाताची त्यात काही चूक नव्हती.

अध्यक्षमहाराज, आईचा निरोप आहे की शाल आणि श्रीफळ तिच्या हातात देण्याआधी हे सभागृहाला कळावं, आणि कळल्यावरही द्यावंसं वाटलं तरच द्यावं. निर्णय आपला आहे.

व्यापारी मंडळानं नि महिला मंडळानं हा समारंभ घडवला, आपण सर्वांनी कामधंदा सोडून शांतपणे ऐकलं, याबद्दल आमच्या घरातर्फे मी मनापासून ऋणी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढ्याची माफी मी आपणा सर्वांकडे मागते. दुसरी माफी आपण देऊ शकत नाही. ती ज्यांनी द्यायची, त्या दाराशी उभ्या आहेत, आणि त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. मी खाली उतरून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते.