उत्तरपूजा कधी?

...आणि वर आमच्या शाळेचे चिटणीस मलाच विचारतात, "बंदी कुठे आहे, टीचर? पूजा आहे!" आता यावर काय बोलावं, तुम्हीच सांगा! सगळं आयुष्य ज्या शाळेत शिकवण्यात गेलं, निवृत्तीनंतर जिचं ग्रंथालय मी पुस्तक न् पुस्तक वाचून उभं केलं, त्याच ग्रंथालयातली पाच पुस्तकं आज चंदनकुंकू लावून रेशमी वस्त्राखाली गप्प बसली आहेत!

तुम्हाला सांगते, नवरात्राच्या आधी एक वडील पाच पुस्तकांची तक्रार घेऊन आले. "या गोष्टीतली मुलगी आजोबांना उलट प्रश्न विचारते, एकटीच होडीत बसून नदीपार निघते... आमच्या मुली बिघडतील!" मी म्हटलं, "आपण वाचलंत का हे पुस्तक?" तर म्हणे, "छे छे! वाचलं असतं तर मीसुद्धा नसतो का बिघडलो?" आहे उत्तर?

हे चिटणीस म्हणजे शेषाद्री, माझेच विद्यार्थी. कुणाला 'हो' म्हणणार नाहीत, कुणाला 'नाही' म्हणणार नाहीत. आपल्याकडे सरस्वतीपूजेला पुस्तकं देवीपुढे मांडतात, त्या दिवशी वाचायचं नाही, विजयादशमीला उत्तरपूजा करून उचलायची आणि वाचायला बसायचं... हो ना? तर यांनी नेमकी तीच पाच पुस्तकं पूजेला मांडली, आणि उत्तरपूजा केलीच नाही! दसऱ्याला विचारलं, "मुहूर्त नाही, टीचर." दिवाळीला विचारलं, "मुहूर्त नाही, टीचर." संक्रांतीचा पोंगल शिजला, उतू गेला, खाऊन झाला, पुस्तकं आपली जागच्या जागी! "बंदी कुठे आहे? पूजा आहे!"

आणि इकडे सातवीतली अखिला. तिचं पुस्तक अर्धंच वाचून झालेलं, होडी ऐन नदीच्या मध्यावर! रोज संध्याकाळी माझ्या दारात उभी. "टीचर, ती पलीकडे पोचली का?" मी सांगत नाही. गोष्टीचा शेवट ज्याचा त्याने वाचायचा असतो, हा माझा नियम. "उद्या वाचशील," म्हणते. कुठला उद्या?

शेवटी काढला मोर्चा! बँकेतून निवृत्त झालेले सुरेंद्र, वकील गुरुराज, फलक घेतलेली भुवना, आणि सर्वांत पुढे मी. राजवाड्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत काय त्या घोषणा! फाटकात शेषाद्री हात जोडून उभे. "या, या! फक्त चपला तेवढ्या बाहेर काढा हं, देवीपुढे जायचं आहे." काढल्या की सगळ्यांनी! अनवाणी माणसाच्या घोषणेत जोर राहतो का हो? आत कापूर पेटला. संविधानाची कलमं पाठ करून आलेल्या गुरुराजांनी डोळे मिटले, भुवनाने फलक काखेत मारून आरती घेतली, आणि सुरेंद्र माझ्या कानात, "अक्का, आधी नमस्कार करू, मग निषेध." मग? मग कधी?

मी मात्र ताठ उभी. "उत्तरपूजा मी करते!" म्हणाले, पुढे झाले, वस्त्र सारलं! दारात अखिला श्वास रोखून उभी. मी ते पुस्तक उचललं, आणि... काय सांगू तुम्हाला! पिढ्यान् पिढ्या मुलांना मीच शिकवलं ना, पुस्तक हातात घेतलं की आधी डोळ्यांना लावायचं? गेला हात आपोआप! लावलं डोळ्यांना, वाकले, आणि जिथून उचललं होतं तिथेच अलगद परत ठेवलं!!

शेषाद्री डोळे पुसत म्हणतात, "पाहिलंत? टीचरनीच शिकवलं हे आम्हाला!" सगळ्यांनी पुन्हा नमस्कार केला. त्यानंतर ते वस्त्र सारायला माझाच हात धजेना, दुसऱ्या कुणाचा धजणार? बाहेर आलो तेव्हा प्रत्येकाच्या हातात प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल होतं, आणि खोबरं घातलेलं, त्यामुळे घोषणा द्यायला तोंडही रिकामं नव्हतं. "बंदी कुठे आहे? पूजा आहे!"

फाटकापाशी अखिलाने माझा पदर ओढला. "टीचर, ती पलीकडे पोचली का?"

काय सांगणार लेकराला? म्हटलं, "निघाली आहे गं, होडीतच आहे अजून... मुहूर्त मिळाला नाही तिला."