किसलेलं जायफळ आणि झोपलेला रोहित

…नाही, पण पूड का आणायची मी म्हणतो? तुम्हाला सांगतो, झाशीत बातमीदारी करून केस पांढरे झाले, भेसळवाल्यांशी कोर्टापर्यंत भांडलो, आणि माझ्याच शमिकाला बघायला पाहुणे येणार तर श्रीखंडात बाजारची पूड? ताजं जायफळ हवं, हा माझाच हट्ट! लक्ष्मी गेटच्या बाजारातून निवडून आणलं, बायकोच्या हातातली किसणी ओढून घेतली. "चिमूटभरच हं!" इंदू म्हणाली. मला शिकवते!

बघायला आलेला मुलगा रोहित, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट. सोबत आई, सिंधूताई. मी त्याच्या वाटीवर किसायला लागलो, तर म्हणतो, "काका, हे येतं कुठून?" झालं! मला कुणी असं विचारायचं? सुटलोच! बांदा बेटं, डच व्यापारी, एका बीपायी माणसं कापली हो!… मग कोकणातल्या बागा, पिवळं फळ उकलतं, आत लालभडक जायपत्री, तिच्या आत कवच, कवचात हे… आणि तोंड चाललं तसा हातही चालला! अर्धं जायफळ पोराच्या वाटीत! ताजं हवं, माझाच हट्ट!

बिचाऱ्यानं भिडेखातर वाटी चाटूनपुसून संपवली. आणि सोफ्यावर जो कलंडला… तेवढ्यात फोन! ड्यूटीचा कॉल! शमिका हलवतेय, "रोहितजी, उठिए ना!" तो म्हणतो, "हूं… सिग्नल हरा है…" आणि कूस बदलतो! सिंधूताई रडवेल्या, "कॉल चुकला तर चार्जशीट मिळेल हो!" इंदू नुसती माझ्याकडे बघत राहिली… ते बघणं! जन्मभर साहेबांना दरडावलं, 'जबाबदार कोण?' आणि आज जबाबदार किसणी हातात घेऊन उभा!

घेतला फोन. पलीकडे ड्यूटी लावणारा रेल्वेचा बाबू, माझ्या ओळखीचा. "भैया, गलती मेरी है, लड़के को जायफल मैंने खिलाया!"

"अरे पत्रकारजी! बुखार सुना, दादी मर गई सुना, जायफल पहली बार सुन रहे हैं!"

शेवटी इंदूनं फोन हिसकावला. "भैयाजी, उसको दस्त लग गए हैं." त्यानं लगेच 'सिक', म्हणजे आजारी, लिहून घेतलं! खऱ्याला किंमत आहे का कुठे?

सकाळी रोहित उठला, तोंडाला कोरड, चेहरा ओशाळलेला. सिंधूताई त्याला सांगतात, "बघ, तुझी नोकरी वाचावी म्हणून काकांनी आळ स्वतःवर घेतला! असा सासरा मिळायचा नाही!" मी म्हणालो, "अहो, खरंच मीच…" तर त्यांचे डोळे आणखीच भरले. आणि पोरगं वाकून माझ्या पाया पडलं हो!

काय करणार?… दिला आशीर्वाद.