पहिली रेघ

भाऊजी : आता मी अजिबात हललो नाही, ताई.

ताई : यंत्राच्या पडद्यावर रेघ थरथरतेय. घण खाली टेकवा आणि गप उभे राहा. सगळं शांत झालं की मी हात वर करीन, मग मारा.

भाऊजी : मी इतका लांब या टोकाला, आणि माझी चुळबुळ तुम्हाला तिथे दिसते?

ताई : मग हे बारा जिओफोन जमिनीत कशाला रोवलेत? तुमच्या घणाचा हादरा खाली खडकापर्यंत जाऊन वर येतो, तो टिपायला. एकेकाची पडद्यावर एकेक रेघ. तुम्ही येरझाऱ्या घातल्यात तर ते त्याच टिपतात.

भाऊजी : खडक काय पळून जाणार आहे? पाण्याची टाकी आज नाही उद्या बांधतील. तिकडे माझ्या बायकोचं पोट उघडलंय आणि मी इथे लोखंडी पाटावर घण घालतोय.

ताई : तुमची बायको माझी धाकटी बहीण आहे.

भाऊजी : मग चला ना. जीप कधी परत यायची? चालत सुटू.

ताई : आणि खाली उतरलो की रेंज गेली. फोन लागतो तो या टेकाडावरच. उद्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी आज घेतलं, त्याला मी काय करू? आई म्हणालीय, गाठ निघाली की लगेच कळवते.

भाऊजी : हादरा त्या खडकाला शिवून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत येतो. दवाखान्यातून दोन शब्द यायला सकाळ उलटली.

ताई : बोलणं झालं असेल तर उभे राहा नीट.

भाऊजी : तुमचं बरं आहे. काळीजच दगडाचं.

ताई : असेल. रेघ परत थरथरतेय बघा. एका जागी पाय ठरत नाही तुमचा, लहान मुलासारखा.

भाऊजी : अहो, श्वाससुद्धा रोखून धरलाय मी. कितव्या रेघेत दिसतंय?

ताई : पहिल्या. बाकीच्या सरळ आहेत.

भाऊजी : पहिल्या?

ताई : पहिल्या म्हटलं ना.

भाऊजी : ताई, माझ्या पायापाशी बारावा आहे. पहिला तुमच्या खुर्चीखाली. सकाळी मीच रोवलाय तो.

ताई : थांबा.

भाऊजी : काय झालं?

ताई : माझाच गुडघा उडतोय. मला कळलंसुद्धा नाही, भाऊजी. आणि मघापासून तुम्हाला झापतेय.

भाऊजी : ते राहू द्या हो.

ताई : दाबून धरला तरी थांबत नाहीये. भीती वाटतेय मला. घरी बसले असते तर वेड लागलं असतं, म्हणून काम काढलं. तुम्हालाही जुंपलं.

भाऊजी : येतो तिकडे.

ताई : पावलं उमटतील.

भाऊजी : उमटू देत.

(फोन वाजतो.)

ताई : तुम्ही घ्या.

भाऊजी : तुम्ही घ्या ना. माझे हात मातीचे आहेत.

ताई : भाऊजी, घ्या.

भाऊजी : हं, आई, बोला. हो. हो. कधी? बरं. सांगतो. हो, इथेच आहेत, समोरच.

ताई : सांगा की.

भाऊजी : गाठ सगळी निघाली. शुद्धीवर आलीय. आईंना म्हणाली, ती दोघं भांडत असतील, आधी त्यांना फोन कर.

ताई : तिला कसं कळतं कोण जाणे.

भाऊजी : डोळे पुसा. गुडघा थांबला का?

ताई : थांबला.

भाऊजी : मग जातो. उरलेले घाव घालून टाकू.

ताई : राहू द्या तो घण. बसा इथे.