धोंडूआबाची प्रवेश परीक्षा

आता हसताय, पन तवा आमच्या वडिवळ्यात मी चवथी शिकलेली म्हंजे कलेक्टरच! पोरापोरींच्या कालेजचे फारम समदे मलाच दाखवायचे.

शेजारच्या धोंडूआबाची सुमन मॅट्रिक झालेली. पुण्यात नर्सिंगच्या कालेजची प्रवेश परीक्षा तोंडावर आली, पन आबा तिला पुस्तक धरू देईना. "आदी गोट्यातलं शेन काड, मग शीक."

मी म्हनलं, "आबा, नवा कायदा आलाय. पोरीसंगं बापाचीबी परीक्षा घेत्यात."

"माजी कशाला गं?"

"बाप नापास झाला, तर पोरगी माघारी धाडत्यात. साऱ्या मावळात बोभाटा व्हतोय."

झालं! दुसऱ्या दिसापासनं आबा लेकीम्होरं मांडी घालून, "शिकीव गं!" पोरीला शिकवाया येळ पायजे म्हनून शेनबी सोताच काडाया लागला.

पुण्यात दारावरच्या शिपायानं त्याला अडवलं. "बापांनी बाहेर थांबायचं."

आबा खवळला, "का म्हनून? अंगात हाडं दोनशे सा! इचार की फुडं!"

सुमन पास झाली. आबा गावभर सांगत फिरला, "माज्यामुळं पास झाली."

खरंच हाय की! शेन त्यानंच काडलं व्हतं.