टाकी भरली की बंद पडणारी गाडी

जबाब देणार: तक्रारदारांची थोरली मुलगी. वय तेवीस वर्षे. शिक्षण: विज्ञानाची पदवी. व्यवसाय: शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. राहणार: बेकरीमागच्या गल्लीत, तळमजल्यावर, आईवडील व धाकट्या बहिणीसह.

समक्ष हजर होऊन सांगते की, लिहून घेण्यास सुरुवात करण्याआधी हवालदारसाहेबांनी मला विचारले, "तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या साक्षीदार?" तक्रार माझ्या वडिलांची आहे. ज्यांच्याविरुद्ध आहे त्या सुईणबाईंच्या हातून माझा आणि माझ्या बहिणीचा जन्म झाला. या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवावी अशी मी विनंती केली आहे.

माझे वडील बस डेपोत चालक होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले. जुन्या देखण्या गाड्या समारंभांना भाड्याने जातात हे ऐकून त्यांनी सुईणबाईंची गाडी घेतली. गाडी फिकट हिरवी, गोल दिव्यांची असून तिचे मॉडेल माझ्या आईवडिलांच्या लग्नाआधीचे आहे. अडलेल्या बाळंतिणींकडे बाई याच गाडीने स्वतः चालवत जात. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी ती विकायला काढली. देताना त्या म्हणाल्या, "कुठंही न्या, वाटेत सोडायची नाही ती." हे वाक्य तक्रारीत आहे. ते मी ऐकले आहे आणि ते तसेच आहे.

गाडी घरी आली त्याच दिवशी बाबांनी ती धुऊन पॉलिश केली. पेट्रोलच्या टाकीचे मूळ झाकण कधीतरी हरवले होते. त्या जागी बाईंनी बँडेजची पट्टी गुंडाळलेले बूच बसवले होते. बाबा म्हणाले, "एवढी नटलेली नवरी आणि पायाला चिंधी!" त्यांनी ते बूच कचऱ्यात टाकले आणि कुलूप असलेले चकचकीत झाकण आणून लावले. डेपोत उभ्या गाड्यांतून डिझेल चोरीला जात असे, त्यामुळे कुलूप नसलेली टाकी त्यांना बघवत नाही. किल्ली ते शर्टाच्या खिशात ठेवतात. त्या दिवशी या गोष्टीकडे आम्हा कोणाचेच लक्ष गेले नाही.

रविवारी आम्ही चौघे फिरायला निघालो. पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले व ती बंद पडली. बाबा उतरले, टाकीचे कुलूप काढून आत डोकावले, पेट्रोल आहे असे पाहून झाकण लावले. गाडी लगेच सुरू झाली. परतताना पुन्हा तसेच घडले. गाडी थांबली की आधी टाकी उघडून बघायची, ही बाबांची चालक म्हणून जुनी सवय आहे.

त्यानंतर गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यांकडे दिली. त्यांना सगळे पानाकाका म्हणतात. त्यांनी पेट्रोलचा पंप उघडला, कार्बोरेटर साफ केला, प्लग आणि कॉइल बदलली. दर वेळी गाडी बरी होऊन यायची आणि दर वेळी पुढच्या फेरीत बंद पडायची. काका मला म्हणाले, "अगं, माझ्या दारात आली की ही शहाण्यासारखी वागते. डॉक्टर दिसला की ताप उतरतो ना, तशातली गत आहे."

मी त्यांना एका वेळी एकच भाग बदलायला सांगितले. "काका, दोन बदलले आणि बरी झाली, तर कशानं बरी झाली ते कसं कळणार?"

"बरी झाली की बास ना! तुला काय परीक्षा द्यायचीय तिची?"

परीक्षा नव्हती, तरी मला त्या प्रश्नाने पछाडले होते हे खरे आहे. शाळेतून आले की मी गाडीत जाऊन बसत असे. बंद पडलेल्या प्रत्येक फेरीची हकिगत मी बाबांना खोदून खोदून विचारत असे. त्यातून एक विचित्र गोष्ट दिसली. टाकी रिकामी होत आली की गाडी बरीच लांब जायची. टाकी काठोकाठ भरली की लवकर थांबायची. बाबांना वाटले, पंपावरचे पेट्रोल भेसळीचे असेल. आई म्हणाली, "पोट भरलं की झोपते. अगदी तुमच्यासारखी." आई चेष्टेत बोलली, पण मी त्या दिवसापासून पेट्रोलपेक्षा टाकीचा विचार जास्त करू लागले.

यानंतर समारंभाची पहिली सुपारी आली आणि गाडी पाहुण्यांसमोर रस्त्यात बंद पडली. वऱ्हाडाने ती ढकलून कडेला लावली; बाबांनी टाकी उघडून पाहिली तेव्हा कुठे ती सुरू झाली. बाबा तिथून सरळ बाईंच्या घरी गेले. मी सोबत होते.

बाबा म्हणाले, "बाई, दोष लपवून गाडी माझ्या गळ्यात मारलीत."

"माझ्याकडं ती एकदाही बंद पडली नाही. पडली असती तर तुझ्या पोरींच्या वेळी मी पोचले असते का?"

"ते जुनं काढू नका."

"मग नवं सांग. तू काय केलंस तिला?"

"मी? अख्खी हयात स्टिअरिंगवर गेली माझी. मला विचारता?"

बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी ठाण्यात फसवणुकीची तक्रार दिली. सुईणबाई दवाखान्यात नव्या मुलींना बाळंतपणाचे काम शिकवायला जात असत. चौकशी संपेपर्यंत येऊ नका, असे दवाखान्याने त्यांना कळवले. ही गोष्ट मला बेकरीत कळली. तिथे एक बाई दुसरीला सांगत होती, "एवढी विश्वासाची बाई, पण बघा हं, आतून कशी निघाली."

तक्रार दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी आणि बाबा गाडी घेऊन बाहेर पडलो. टाकी भरलेली होती. चढाच्या अलीकडेच गाडी बंद पडली. बाबांनी खिशात हात घातला, तर किल्ली नव्हती. आईने शर्ट धुवायला टाकला होता. टाकी उघडता आली नाही आणि गाडीही काही केल्या सुरू झाली नाही. आजवर असे झाले नव्हते. शेवटी पानाकाकांनी ती दोराने ओढून आमच्या दारात आणली.

आईने ओली किल्ली आणून दिली. कुलूप मी काढले. झाकण सैल होताच टाकीने हवा आत ओढून घेतल्याचा आवाज आला. दमलेला माणूस खाली बसताना सुस्कारा सोडतो तसा, पण उलटा. मी दुसऱ्या कशालाही हात न लावता गाडी सुरू केली. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली.

त्याचे कारण मी सांगते. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला आई दोन भोके पाडते ती याचसाठी. नवे झाकण पक्के बसत होते आणि हवेला वाटच नव्हती. काही वेळाने आतली हवा इतकी विरळ व्हायची की पंपाला पेट्रोल ओढता येत नसे. टाकी भरलेली असली की वर हवा मुळातच थोडी, म्हणून गाडी लवकर थांबायची. बाबा दर वेळी झाकण उघडून बघायचे आणि तेवढ्यात, नकळत, गाडी दुरुस्त व्हायची. गॅरेजात पोचेपर्यंत दोष शिल्लकच नसायचा. बाईंच्या बँडेजमधून मात्र हवा येत-जात होती.

हे केवळ अनुमान राहू नये म्हणून मी पानाकाकांना सोबत घेऊन पडताळून पाहिले. बाईंच्या बुचासारखेच कापडी पट्टीचे नवे बूच करून लावले आणि भरल्या टाकीने पुलापलीकडे जाऊन आलो. गाडी थांबली नाही. झाकण लावले, थांबली. नुसते सैल केले, चालली. काका म्हणाले, "आयला, मी इंजिनाचं पोट फाडून बघत होतो आणि हिचं नाक दाबलेलं होतं!"

त्या संध्याकाळी मी बाबांना सर्व सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे इतकी वर्षं गाडी चालवून मला एवढंही कळलं नाही?"

मी म्हणाले, "बाबा, बसच्या टाकीला हवेची वाट वेगळी असते. तुम्हाला ती बघायची कधी वेळच आली नाही."

"मग लाव ते बूच आणि विषय संपव. गावभर सांगायची काय गरज?"

"बाईंना दवाखान्यात येऊ देत नाहीत, बाबा."

त्यावर ते उठून बाहेर गाडीपाशी गेले. जेवायला आत आले नाहीत. आईने ताट झाकून ठेवले.

आज मला हवालदारसाहेबांनी सुचवले की, "प्रकरण आपसांत मिटले" असे लिहून बाबांनी तक्रार मागे घ्यावी, म्हणजे कोणालाच त्रास नाही. माझी त्याला हरकत आहे. मिटले असे लिहिले, तर मिटवण्यासारखे काही होते असाच त्याचा अर्थ होतो. दवाखानाही तोच अर्थ काढेल. सुईणबाईंनी दिलेल्या गाडीत दोष नव्हता, दोष आमच्या घरी बसवला गेला, आणि तो कोणी मुद्दाम बसवला नाही, असे स्पष्ट नोंदवावे. बाबा बाहेर गाडीत बसले आहेत. त्यांचे म्हणणे ते स्वतः सांगतील. ते काय सांगणार आहेत हे मी त्यांना विचारलेले नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. "बिघाड लपविला" असे एका जागी चुकून लिहिले होते ते माझ्यासमोर खोडले. बाकी सर्व मी बोलले तसेच आहे. कोणीही मला पढवलेले किंवा धाक घातलेला नाही.

झाकण पुराव्यासाठी आहे तसे जमा करावे असे मला सही करताना सांगण्यात आले. आहे तसे ते आता देता येणार नाही. आज सकाळी इकडे निघण्यापूर्वी मी पानाकाकांकडचे ड्रिल आणून त्याला मधोमध बारीक भोक पाडले आहे. कोणाला खात्री करायची असल्यास भोकावर मेण लावून गाडी चालवून पाहावी, ती बंद पडेल. भोक पाडताना झाकण हलू नये म्हणून बाबांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.